माकडताप आणि गावाची नजर



डिचोली तालुक्यातील लाटंबार्से हा गाव गोव्याच्या अगदी सीमेवर वसलेला आहे. पलीकडे पाऊल टाकले की सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुका लागतो. सरकारी नकाशावर ही रेषा ठळक असली, तरी डोंगरांना तिची खबर नाही. काजूची झाडे दोन्ही अंगांना सारखीच बहरतात, माकडांच्या टोळ्या हव्या तेव्हा इकडून तिकडे जातात आणि मजूरही काम मिळेल त्या बाजूस वळतात. सोयरीक, बाजार आणि जत्रा यांनी तर ही रेषा केव्हाच पुसून टाकली आहे. मग एखाद्या रोगाने तिचा मान राखावा अशी अपेक्षा कोणी करावी?

या भागात माघ-फाल्गुन उजाडला की काजूचा हंगाम सुरू होतो. लाडफे, वडावल, नानोडा, कासारपाल अशा वाड्या-गावांतील माणसे पहाटेस डोंगर चढू लागतात. टोकाला खिळा लावलेल्या काठीने खाली पडलेली बोंडे टिपायची, बी पिळून वेगळी करायची, बोंडे कोळंबीत टाकून तुडवायची, आणि रस भाटीवर न्यायचा, असा हा दिनक्रम मेअखेरपर्यंत चालतो. पावणीत बोली लावून ज्याने डोंगर घेतला असेल, त्याला या तीन महिन्यांतच गुंतवलेला पैसा काढून घ्यावयाचा असतो. ज्याचा स्वतःचा चार झाडांचा तुकडा आहे, त्याच्या मुलांची पाठ्यपुस्तके आणि घरावरच्या कौलांची डागडुजी त्या बियांवर अवलंबून असते. हे सर्व प्रथमच सांगण्याचे कारण असे की, ज्या रोगाविषयी आता बोलावयाचे आहे तो नेमका याच महिन्यांत, याच डोंगरांत आणि याच माणसांना गाठतो.

त्या रोगाचे शास्त्रीय नाव क्यासनूर अरण्यरोग असे आहे. लोक त्याला माकडताप म्हणतात, आणि हे लोकांनी दिलेले नावच अधिक बोलके आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली. आसपासच्या खेड्यांतील माणसांनाही तीव्र ज्वर येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ, ज्या संस्थेला पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असे नाव मिळाले तेथील मंडळी, तातडीने तेथे पोहोचली. आफ्रिका व दक्षिण अमेरिका खंडांतील पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी आरंभी त्यांना धास्ती वाटली होती. तपासाअंती निघाला तो एक वेगळाच, तोवर जगाला अपरिचित असलेला विषाणू. शास्त्रज्ञांनी त्याला शोधून काढले हे खरेच. परंतु माकडे मरत आहेत ही गोष्ट प्रथम ज्यांच्या दृष्टीस पडली ती जंगलात लाकूडफाट्यासाठी व गुरांमागे जाणारी माणसे होती. प्रयोगशाळेचे काम त्यानंतर सुरू झाले.

या रोगाची वाट थोडी समजून घेतली पाहिजे. विषाणू राहतो तो जंगलातील गोचिडांत व उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या लहान प्राण्यांत. गोचिडाच्या आयुष्यात अंडे, सहा पायांचे बारीक पिल्लू, आठ पायांचे मोठे पिल्लू आणि पूर्ण वाढलेला गोचीड अशा अवस्था येतात. पूर्ण वाढलेला गोचीड बहुधा गुरांच्या अंगावर दिसतो आणि तो पावसाळ्यातला पाहुणा असतो. माणसाला धोका असतो तो मुख्यतः आठ पायांच्या पिल्लाचा. हे पिल्लू एवढे बारीक असते की, पायावर बसले तरी मातीचा कण बसला असे वाटावे. पाऊस संपल्यावर काही दिवसांनी ही पिल्ले वाळलेल्या पानांखाली हिंडू लागतात आणि उन्हाळा संपेपर्यंत त्यांचा वावर चालू राहतो. तांबड्या तोंडाचे माकड असो की काळ्या तोंडाचे वांदर असो, अशा गोचिडाने त्याला दंश केला की ते आजारी पडते व पुष्कळदा मरते. आजारी माकडाच्या रक्तावर शेकडो पिल्ले पोसली जातात. माकड मेले, त्याचे अंग थंड पडले, की ती सगळी पिल्ले खाली उतरतात आणि त्याच जागी, पाचोळ्यात, नव्या अंगाची वाट पाहत बसतात.

म्हणून मेलेले माकड ही या रोगाची पहिली वार्ता होय. माणसाला ताप येतो तो त्यानंतर. दंश झाल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप भरतो, डोके ठणकते, मान व कंबर यांच्या स्नायूंत असह्य वेदना होतात, उलट्या होतात. कोणाच्या हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. काहींचा ताप एकदा उतरून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उलटतो आणि मग मेंदूवर त्याचा परिणाम दिसतो. शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच, आणि क्वचित त्याहूनही अधिक, दगावतात. या विषाणूवर नेमके औषध आजही उपलब्ध नाही. रुग्णाला वेळेवर रुग्णालयात नेणे, शरीरातील पाणी व रक्तदाब सांभाळणे, रक्तस्रावाकडे लक्ष ठेवणे, एवढेच वैद्याच्या हाती असते. त्यातल्या त्यात दिलासा हा की, एका माणसापासून दुसऱ्या माणसाला हा रोग लागत नाही. रुग्णाला वाळीत टाकण्याचे, त्याच्या घरावरून वाट वाकडी करून जाण्याचे काहीएक कारण नाही.

काजूशी या रोगाचे नाते जुने आहे. १९८३ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यात, बेळतंगडी तालुक्यात, काजूच्या लागवडीसाठी सुमारे ४०० हेक्टर मूळचे जंगल तोडण्यात आले. त्यानंतर तेथे माकडतापाची जी साथ उसळली ती तोवरच्या साऱ्या साथींत मोठी ठरली. १,५५५ माणसे आजारी पडली व १५० मृत्युमुखी पडली. झाडे तोडणारा, जमीन साफ करणारा आणि पुढे बोंडे वेचणारा, हे तिघेही पोटासाठी तेथे गेलेले मजूर होते. ज्याने लागवडीचा बेत आखला त्याला गोचीड चावला नाही, हे सांगावयास नकोच.

गोव्यात हा रोग प्रथम २०१५ साली सत्तरी तालुक्यातील पाली या गावी प्रकट झाला. आजारी पडलेल्यांत काजूच्या बागांत राबणारी माणसे प्रामुख्याने होती. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या प्रारंभी, दोडामार्ग तालुक्यातील केर गावाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. २०१७ साली सावंतवाडी तालुक्यातील बांदे परिसरातही तो दिसून आला. नकाशावर सत्तरी आणि दोडामार्ग यांवर बोट ठेवून पाहिले, तर डिचोलीचा हा डोंगराळ भाग दोन्हींच्या शेजारी पडतो. रोग दाराशी येऊन उभा राहिल्यावर घरातल्यांनी काय करावे, हा प्रश्न म्हणूनच लाटंबार्सेसारख्या गावापुढे आहे.

अशा वेळी सर्वांत सोपे असते ते हुकूम काढणे. जंगलात जाऊ नये, असा फलक लावला की कर्तव्य संपले असे मानण्याची सवय कचेऱ्यांना फार. पण ज्याची वर्षाची कमाई डोंगरावर सडत पडणार आहे, तो फलक वाचून घरी बसेल काय? तो जाईल, मात्र आता कोणाला न सांगता जाईल. डोंगरात मेलेले माकड दिसले तर तोंड मिटून पुढे सरकेल, कारण बोलले तर डोंगर बंद होईल ही भीती त्याच्या मनात बसलेली असेल. याप्रमाणे, रोगाची पहिली वार्ता जिच्या तोंडून यावयाची तीच जीभ आपण आपल्या हाताने बांधून टाकतो.

मराठी माणसाला या गोष्टीचा अनुभव नवा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. सरकारने साथींचा कायदा केला आणि प्लेग अधिकारी रँड याच्या देखरेखीखाली गोरे शिपाई घरोघर शिरून रोगी शोधू लागले. देवघरे आणि माजघरे यांचा विधिनिषेध राहिला नाही. परिणाम असा झाला की, लोक रोग्यांना लपवू लागले. घरात गाठ आलेला माणूस असल्याचे शेजाऱ्यालाही कळू नये याची खबरदारी घेऊ लागले. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना उचलून दवाखान्यात पोहोचवीत होत्या आणि ती सेवा करतानाच त्या रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोगी शोधण्याचे काम दोघांनीही केले, असे एका अर्थाने म्हणता येईल. परंतु एकाला पाहून दारे बंद होत आणि दुसरीला पाहून ती उघडत.

दार उघडले जाणे ही गोष्ट किती मोलाची आहे, हे देवीच्या रोगाच्या उच्चाटनात दिसून आले. १९७३ नंतर भारतात जो निकराचा शोध सुरू झाला, त्यात आरोग्यसेवक रोग्याचे चित्र असलेले पत्रक घेऊन आठवड्याच्या बाजारांत उभे राहत, शाळांत जाऊन मुलांना विचारीत, "असे फोड आलेले कोणी तुमच्या वाडीत आहे का?" मुले खरे तेच सांगत. मोठी माणसे संकोचतील, पण मुलांना असली गुपिते राखता येत नाहीत, हे शाळेशी संबंध असलेल्या कोणालाही पटेल. रोग्याची वर्दी देणाऱ्यास रोख बक्षीस ठेवले होते, आणि रोगी जसजसे कमी झाले तसतशी बक्षिसाची रक्कम वाढवीत नेली गेली. १९७५ च्या मे महिन्यात भारतातील देवीच्या शेवटच्या रुग्णाची नोंद झाली. लस होती म्हणून हे घडले, हे निर्विवाद. परंतु लस कोठे न्यावयाची हे त्या बाजारांतील आणि शाळांतील माणसांनी सांगितले.

नारूची कथा तर याहून बोधप्रद आहे, कारण नारूवर लसही नव्हती आणि औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरावयाचे, त्यात नारू झालेल्याचा पाय बुडावयाचा, ते पाणी पिऊन दुसऱ्याला नारू व्हावयाचा, असे ते चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालू होते. ते तुटले ते पाणी फडक्याने गाळून पिण्याच्या सवयीने, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप आल्याने, आणि पायातून दोरा बाहेर पडू लागलेल्या माणसाला पाण्यात उतरू न देण्याच्या गावोगावच्या दक्षतेने. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलै महिन्यात राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. १९८६ साली आफ्रिका व आशिया खंडांतील सुमारे २० देशांत मिळून वर्षाला ३५ लाख माणसांना नारू होत असे असा अंदाज होता. २०२३ साली साऱ्या जगात मिळून १४ माणसांना तो झाला. सुदान, माली, चाड अशा निर्धन देशांतील खेड्यांनी हे एका फडक्याच्या बळावर केले.

फडके गाळावयाचे आहे हे एकदा सांगून भागत नाही. ते रोज, प्रत्येक घागरीला, कोणीतरी आठवणीने करावे लागते. तो 'कोणीतरी' गावातलाच असावा लागतो. महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जे काम आरंभिले, त्याचा पाया हाच होता. अक्षरओळख बेताची असलेल्या, समाजाने मागे ठेवलेल्या स्त्रियांनाच त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालकांच्या न्यूमोनियाविरुद्ध उभे केलेले साधन तर मोठे मनोरम आहे. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो, हे न्यूमोनिया ओळखण्याचे सोपे लक्षण. पण गावच्या दाईला मोजता येत नाही, मग काय करावे? त्यांनी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ तिच्या हाती दिली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू सरण्यापूर्वी ठरावीक मण्याला हात लागला की बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून उपचार सुरू करावयाचे. दाईला अंक येत नव्हते. बाळाकडे टक लावून पाहणे तिला येत होते, आणि तेवढ्यावर काम भागले.

गोव्यातही असे एक उदाहरण अगदी अलीकडे घडले आहे. कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीज या रोगाविरुद्ध २०१४ पासून राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून मोहीम चालविली. जाळी घेतलेली पथके वाड्यावाड्यांतून फिरत, पाळीव कुत्रे मालकाच्या हातून धरून घेत, मोकाट कुत्रे जाळीत पकडीत, लस टोचून अंगावर रंगाची खूण करीत व तेथेच सोडून देत. वर्षाकाठी लाखाच्या आसपास कुत्र्यांना याप्रमाणे लस दिली गेली. याच्या जोडीला शाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे, चावा घेतल्यास जखम साबणाने कशी धुवावी आणि लगेच कोठे जावे हे शिकविले गेले; आणि पिसाळल्यासारखे वागणारे कुत्रे दिसताच दूरध्वनी करण्याची सोय ठेवली गेली. २०१८, २०१९ व २०२० या तीन वर्षांत राज्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही, आणि २०२१ साली गोवा हे रेबीजवर नियंत्रण मिळविणारे देशातील पहिले राज्य म्हणून जाहीर झाले. अशा यशाची राखण दरवर्षी करावी लागते, लसीकरण ढिले पडले की रोग परत डोके वर काढतो, ही गोष्ट वेगळी. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, वाडीतले कोणते कुत्रे विचित्र वागते आहे याची खबर सरकारी पथकाला वाडीनेच दिली.

जे गोवेकर कुत्र्याविषयी दूरध्वनी करतात, ते मेलेल्या माकडाविषयी का करणार नाहीत? करतील, पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. कुत्र्याची खबर दिल्याने कोणाची मजुरी बुडत नाही. माकडाची खबर दिली तर बुडू शकते, निदान बुडेल असे वाटते. लोकसहभाग हा शब्द कागदोपत्री फार स्वस्त झाला आहे. गावाला चार सूचना वाचून दाखविल्या, उपस्थितांच्या सह्या घेतल्या, की लोकसहभाग झाला असे समजतात. खरा प्रश्न, खबर देणाऱ्याला तिची किंमत स्वतःच्या खिशातून चुकवावी लागते की नाही, हा आहे.

आणि येथे हिशेब सरळ मांडला तर भीतीचे कारण पुष्कळसे उरत नाही. एक माकड मेले म्हणून सारा डोंगर बंद करण्याची आवश्यकता नसते. ज्या जागी ते पडले तेथे, त्याच्या भोवतालच्या सुमारे ५० फुटांच्या परिघात, गोचीडनाशक भुकटी मारावी. पशुवैद्यांनी तपासणीसाठी नमुने घेतल्यावर प्रेत जाळून टाकावे. आणि त्या भागात काही काळ कोणी जाऊ नये, एवढी ही उपाययोजना आहे. काजूच्या शेकडो झाडांपैकी मूठभर झाडांचा तो प्रश्न आहे. त्या मूठभर झाडांची नुकसानी पंचायतीने वा सरकारने भरून दिली, तर तो खर्च एका रुग्णाच्या रुग्णालयातील खर्चापुढे किरकोळ ठरेल. मात्र खबर लवकर मिळाली पाहिजे. तीन दिवसांनी कुजलेल्या प्रेतातून विषाणूचा पत्ता लागणे कठीण, आणि तोवर गोचीड उतरून पसरलेले असतात. माकडाला हात कोणी लावू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. मुलांना कुतूहल असते, आणि मेलेल्या माकडाला मारुतीचे रूप मानून त्याला माती देण्याची, फुले वाहण्याची श्रद्धा आपल्याकडे आहे. ती श्रद्धा मोडून काढण्याच्या भरीस पडू नये.

अशी श्रद्धा दुखावली की काय होते, याचा धडा पश्चिम आफ्रिकेने घेतला आहे. २०१४ साली गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या देशांत इबोला रोगाने थैमान घातले. मृताच्या शरीराला स्पर्श करून त्याला अंघोळ घालण्याच्या प्रथेमुळे रोग पसरत होता. पथके आली, प्रेते पिशवीत घालून घेऊन गेली, कुटुंबाला शेवटचे दर्शनही मिळेना. लोकांनी प्रेते लपविली, काही ठिकाणी पथकांवर दगड आले. त्याच वर्षाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने मुस्लिम व ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या सल्ल्याने दफनाची नवी पद्धत ठरविली. प्रेताला स्पर्श नाही, परंतु कुटुंबीय समोर उभे राहतील, प्रार्थना होईल, कबरीवर नाव लागेल. त्यानंतर विरोध ओसरू लागला. या साथीत ११,००० हून अधिक माणसे गेली होती. आपल्याकडे माकडाची चिता पेटविण्यापूर्वी गावच्या कोणी ज्येष्ठाने लांबूनच नारळ ठेवला, तर रोगशास्त्राचे काही बिघडत नाही.

लाटंबार्सेत हे काम कोणी करावे? सीमेपलीकडे, दोडामार्गच्या बाजूला, प्रत्येक गावात आशा कार्यकर्ती असते. ही योजना २००५ पासून देशभर पसरली तेव्हा गोव्याने ती स्वीकारली नाही. येथे आरोग्य खात्याचे बहुउद्देशीय कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका आहेत, डिचोलीला सामाजिक आरोग्य केंद्र आहे. अंतरे लहान आहेत व रस्ते चांगले आहेत, त्यामुळे गोव्याचे फारसे अडले नाही हे मान्य केले पाहिजे. परंतु वाडीतलीच, वाडीला उत्तर देणारी एक व्यक्ती असणे ही निराळी गोष्ट आहे. तिची उणीव हंगामापुरती तरी गावाला भरून काढता येईल. भाटीवाला हा प्रत्येक डोंगरातील रसाची व माणसांची खबर ठेवणारा माणूस. संध्याकाळी सगळे रस घेऊन त्याच्याकडे येतात. कोणत्या डोंगरात काय दिसले, आज कोण तापामुळे आला नाही, हे त्याला परिचारिकेच्या आधी समजते. आरोग्य खात्याचा दूरध्वनी क्रमांक पंचायतीच्या फलकावर लावण्यापेक्षा भाटीच्या खांबावर लावणे अधिक उपयोगाचे. हंगामाच्या मध्यावरच शिगमा येतो, सारा गाव मांडावर जमतो. पाच मिनिटे गोचिडाविषयी बोलण्यास याहून चांगली जागा कोणती?

बोलावयाचे तेही नेमके असावे. डोंगरात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार व पायांत बूट असावेत. उघड्या अंगाला आरोग्य खात्याकडून मिळणारे गोचीडरोधक तेल लावावे. पाचोळ्यावर बसू नये, आडवे होऊ नये. घरी परतल्यावर गरम पाण्याने व साबणाने अंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात टाकावेत, आणि मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड चिकटला आहे का ते आईने पाहावे. उन्हाच्या तिरिपीत बूट घालून बोंडे वेचणे सुखाचे नाही, हे सांगणाऱ्याने विसरू नये. बूट पंचायतीने पुरविले तर ते घातले जातील. विकत आणण्यास सांगितले तर ते दुकानातच राहतील.

लशीविषयी काहींच्या मनात शंका असते. कोंबडीच्या गर्भपेशींत विषाणू वाढवून तयार केलेली एक लस कर्नाटकात १९९० पासून दिली जात असे, आणि सत्तरीतही ती आणली गेली होती. महिन्याच्या अंतराने दोन टोचण्या, पुढे काही महिन्यांनी तिसरी, आणि मग दरवर्षी एक, असा तिचा क्रम होता. शिमोगा जिल्ह्यातील अभ्यासात दोन टोचण्यांनी सुमारे ६२ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसून आले, तिसरी घेतल्यास ते ८३ टक्क्यांच्या जवळ जाई. टोचण्या दुखऱ्या होत्या, फेऱ्या अनेक होत्या. लोक पहिली घेत आणि पुढच्यांना दांडी मारीत. पुढे त्या लशीचा वापर थांबला. नवी लस तयार करण्याचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतले आहे. ती लस गावोगाव पोहोचेपर्यंत फडक्यावर भिस्त ठेवणाऱ्या नारूच्या गावांप्रमाणेच येथील गावांनाही बूट, तेल आणि डोळे यांवर भागवावे लागेल.

राहता राहिला प्रश्न त्या माणसांचा, जी कोणत्याच यादीत नसतात. हंगामासाठी बाहेरून आलेली मजुरांची कुटुंबे डोंगरातच मांगरात उतरतात. पाचोळ्यावर गोधडी पसरतात. त्यांची मुले येथील शाळेत नसतात, शिगम्याच्या मांडावर ती कडेला उभी राहतात, मराठीतील वा कोंकणीतील पत्रक त्यांना वाचता येत नाही. ताप आला तर मजुरी जाईल म्हणून ती गोळी घेऊन काम करीत राहतात, आणि ताप फारच वाढला तर गाडीत बसून आपल्या गावी निघून जातात. तेथील डॉक्टरला माकडताप कोठून सुचणार? ज्याने त्यांना कामावर आणले, त्या ठेकेदाराने त्यांची नावे व मूळ गाव आरोग्य केंद्रात नोंदवावे, त्यांना तेल व बूट द्यावेत, आणि तापाच्या दिवसाची मजुरी कापू नये, एवढी अट पावणीच्या वेळीच घालता येईल. पावणी हंगामाच्या आधी होते. काजूखालची झाडी साफ करण्यासाठी बेणणीचा पहिला मजूर मात्र पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरातच डोंगर चढतो, आणि गोचिडाची पिल्ले पानांखाली हालू लागतात तीही त्याच सुमारास.